तीन फूट पाच इंच

नाहूरला आमच्या हेमलता सोसायटीच्या मागच्या अंगणात जमिनीखाली एक टाकी आहे. पिण्याच्या पाण्याची नव्हे, पावसाच्या पाण्याची. चोवीस फूट लांब, दहा फूट रुंद, सात फूट खोल. वर काँक्रीटचा स्लॅब, स्लॅबवर कपडे वाळत घालायच्या तारा, कुणाकुणाच्या तुळशीच्या कुंड्या, आणि एका कोपऱ्यात दोन फुटी चौकोनी लोखंडी झाकण. नव्या माणसाला आपण पोकळीवर उभे आहोत हे सांगूनही पटत नाही. ती टाकी माझी. म्हणजे नकाशा माझा आणि देखरेखही माझी.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर होतो. आमचा प्लॉट सखल. समोरच्या गल्लीतलं गटार नाल्याला मिळतं आणि नाला खाडीला. जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली की नाला तुंबायचा, गटार उलटं भरायचं, आणि आमच्या गच्चीवरच्या, आवारातल्या पाण्याला जायला वाट उरायची नाही. मग ते तळमजल्यात शिरायचं. आम्ही तळमजल्यावर. एक्याऐंशीच्या पावसात तीनदा गाद्या टेबलावर चढवल्या. तिसऱ्या वेळी माझी बायको अनुपमा स्टुलावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "तू लोकांच्या इमारती बांधतोस ना रे? मग आपल्या घराचं काहीतरी कर."

मी केलं. कल्पना साधी होती. आवारातलं पाणी थेट गटारात न सोडता आधी टाकीत घ्यायचं, तिथे थोपवून धरायचं, आणि तळाच्या चार इंची पाइपातून गटार उतरेल तसं सावकाश सोडायचं. दोन-तीन तासांचा तर प्रश्न असतो. तेवढा वेळ पाण्याला थांबायला जागा दिली, की ते घरात येत नाही.

फक्त एक गोष्ट उरते. टाकी काठोकाठ भरली तर जादा पाणी कुठे जाणार? नकाशात मी ते पुढच्या बाजूने, रस्त्याच्या मोठ्या गटारात नेलं होतं. ब्याऐंशीच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमचे चेअरमन राजाराम दळवी साइटवर आले आणि त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"चंदू, पुढे आत्ताच लाद्या बसवल्यात. त्या फोडायच्या? आणि रस्ता खोदायची परवानगी कधी मिळणार, दिवाळीला? पाऊस दहा दिवसांवर आलाय. मागे सोड ना यार. मागे कोण आहे?"

मागे कोण आहे हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. आमच्या भिंतीपलीकडे जमीन पाच फूट खाली जाते. तिथे चार खोल्यांची बैठी चाळ होती. भिंत आणि खोल्या यांच्यात दीड हाताची बोळ. बोळीचं एक तोंड बंद, दुसरं नाल्याकडे उघडं. मी मनात हिशेब केला, साधारण पाऊस असेल तर पाणी बोळीतून नाल्यात निघून जाईल. साधारण पाऊस असताना टाकी भरणारच नाही, हेही मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी हो म्हणालो. भिंतीला नऊ इंची पाइप काढला. त्याचं तोंड कडेच्या खोलीच्या मागच्या जाळीसमोर आलं, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ.

त्या खोलीत जानकी राहायची. मालवणकडची. नवरा लवू गिरणीत होता, संपानंतर गावी जाऊन शेती बघायला लागला. जानकी इथेच राहून बिस्किटांच्या कारखान्यात सकाळी सात ते तीन पॅकिंगचं काम करायची. घरात तिची सासू, सुंदराबाई. तिची डावी बाजू लुळी पडलेली, वाचा जवळजवळ गेलेली. लोखंडी खाटेवर पडून असायची. जानकी तिला रोज नीलगिरीचं तेल चोळायची, त्याचा वास आमच्यापर्यंत यायचा. काही हवं असलं की उजव्या हातातली पितळेची वाटी खाटेच्या दांडीवर वाजवायची. टण टण. थांबून पुन्हा टण टण. मग जानकीचा आवाज यायचा, "इलंय गो, इलंय." आमच्या स्वयंपाकघराला हा आवाज इतका सवयीचा होता, की तो ऐकू येत असूनही आम्हाला ऐकू यायचा नाही.

पाइप बसवला त्याच संध्याकाळी जानकी जाळीतून मला म्हणाली, "भाऊ, ह्यां भोक कसला?"

मी हातातल्या ओळंब्याकडे बघत म्हणालो, "हवेसाठी. टाकीत हवा खेळती राहावी लागते."

"बरां," ती म्हणाली. "थंड वारो येता त्याच्यातसून. म्हातारेक बरां वाटात."

पहिली दोन वर्षं टाकी कधी अर्ध्याच्या वर गेली नाही. मी ते भोक विसरलो. खरं सांगायचं तर विसरण्याचा सराव केला.

चौऱ्याऐंशीच्या जुलैत एका गुरुवारी पहाटेपासून पाऊस धरला. आमच्या साइटवर पाणी भरलेलं, म्हणून मी घरीच. दुपारी बारापर्यंत गल्लीत गुडघाभर पाणी झालं आणि आमचं आवार मात्र नुसतं ओलं. वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात येऊन बघत होते. राजारामांच्या घरी कांदाभजी तळली गेली, ते स्वतः बशी घेऊन खाली आले. "झकास काम केलंस चंदू. त्या बाजूच्या सोसायटीची बघ कशी वाट लागलीय."

मी मागच्या व्हरांड्यात उभा होतो. स्लॅबखाली पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. पावणेएकच्या सुमाराला तो बदलला. उंचावरून पडणारं पाणी वाजतं, भरलेल्या भांड्यात पडणारं वाजत नाही. वरचा आवाज बंद झाला आणि भिंतीच्या बाजूने घोटघोट असा दुसरा सुरू झाला. जादा पाणी वाटेला लागलं होतं. दुसऱ्या कुणालाही ते कळलं नसतं. मला लगेच कळलं.

आणि पलीकडून वाटी वाजायला लागली.

जानकी असेल घरी, असं मी स्वतःला सांगितलं. तिची पाळी तीनला सुटते हे मला माहीत होतं. माझ्या हातात भज्यांची बशी होती, राजाराम काहीतरी सांगत होते, मी हसत होतो. वाटी नेहमीसारखी थांबूनथांबून वाजत नव्हती. एकसारखी वाजत होती. नंतर मी बरेचदा म्हटलं की ते दहाएक मिनिटं चाललं असेल. पंचवीस मिनिटं चाललं. मग थांबली. झोप लागली असेल म्हातारीला, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर सुंदराबाईच्या मृत्यूचा पंचनामा झाला. नाल्याचं पाणी उलटून खोलीत शिरलं, असं लिहिलं गेलं. ते अर्धं खरंही होतं. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, तिची उंची मोजायची होती. कुणीतरी म्हणालं, हे इंजिनियर आहेत, यांना टेप धरू दे. मी टेप धरला. तीन फूट पाच इंच. खोलीला निळा चुना दिलेला होता. रेघेच्या खाली तो फुगून सुटला होता आणि वर तसाच कोरडा होता. खाटेच्या चारी पायांखाली विटा लावल्या होत्या, तरी खाट रेघेच्या खालीच राहत होती. जानकी दाराशी बसून होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मी पंच म्हणून सही केली.

शनिवारी कुणी नसताना टाकीत उतरून मी पाइपाचं तोंड विटा आणि सिमेंटने बंद केलं.

पाऊस सप्टेंबरअखेर संपला. दरवर्षी मी टाकीचं झाकण काढून ती रिकामी झाली की नाही हे बघत असे. लाल रंगाच्या खुणा केलेला एक बांबू त्यासाठी ठेवला होता. तो सोडला, वर काढला, आणि ओल बघून खुणा मोजल्या. तीन फूट पाच इंच.

मनात काही आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण चार इंची पाइपात गाळ अडकला असणार हे उघड होतं. आमचा प्लंबर धाकू, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने गल्लीच्या बाजूने पाइपात बांबूची लांब, चिरून काढलेली चिव घातली. ती सरळ टाकीत निघाली, मी वरून तिचं टोक पाण्यात हलताना बघितलं. पाइप मोकळा होता. गल्लीतलं तोंड टाकीच्या तळापेक्षा सव्वा फूट खाली होतं. धाकूने वाकून पाइपात हात घातला आणि कोरडा बाहेर काढून मला दाखवला.

"साहेब, पाणी जात का नाही?"

"पंप लाव," मी म्हणालो.

पंपाने दोन तासांत टाकी कोरडी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बांबू सोडला. तीन फूट पाच इंच. ऑक्टोबरच्या उन्हाने स्लॅब चटके देत होता. पिण्याच्या पाण्याची लाइन फुटली असेल म्हणून ती दिवसभर बंद ठेवून बघितली. भरतीचं पाणी झिरपत असेल म्हणून चव घेतली. खारट नव्हतं. नाल्याचा वास नव्हता. पाणी स्वच्छ होतं, इतकं की तळ दिसावा, पण तळ दिसत नव्हता. पुन्हा पंप लावला. पुन्हा तेवढंच. ना एक इंच कमी, ना जास्त.

नोव्हेंबरात एका दुपारी अनुपमा ओट्याशी भाकऱ्या थापत होती आणि मी दाराशी पेपर वाचत बसलो होतो. ती सहज म्हणाली, "जानकीला आज उशीर झाला वाटतं. केव्हाची वाजवतेय बिचारी."

तिचा हात परातीतच थांबला.

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. टण टण. भिंतीपलीकडून नव्हतं येत. आमच्या फरशीखालून, अंगणाच्या दिशेने येत होतं, काँक्रीटमधून आल्यासारखं जाड होऊन. तव्यावरची भाकरी करपली. अनुपमाने ती उलटली नाही.

"तू काही केलंयस का?" तवा खाली उतरवत तिने विचारलं.

"काय करणार मी?"

त्यानंतर तिने दुपारी मागचं दार लावून घ्यायला सुरुवात केली, आणि माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं.

डिसेंबरात मी धाकूला पुन्हा बोलावलं. पंप चालू ठेवूनच आत उतरायचं, भेग कुठे आहे ते शोधायचं. सकाळी अकराची वेळ. धाकूने झाकणाशी आरसा धरून उन्हाचा कवडसा आत सोडला आणि मी भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांवरून खाली गेलो.

टाकीला आतून सिमेंटचा गिलावा मी समोर उभा राहून करून घेतला होता. राखाडी, घोटीव. आता कवडसा फिरला तशी भिंत निळी दिसली. शेवाळ असेल म्हणून मी नख लावलं. नखात चुना आला. जुना, दोन-तीन हात दिलेला निळा चुना. कमरेच्या वर कोरडा, खाली फुगून सुटलेला.

"साहेब, सापडलं काय?" वरून धाकू.

तळावर बोटभर पाणी राहिलं होतं. सगळीकडे होतं, फक्त चार जागा सोडून. विटेएवढ्या चार कोरड्या जागा, साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा चौकटीच्या चार कोपऱ्यांवर. त्यांच्या कडेने पाणी थांबलं होतं, आत जात नव्हतं. मी बुटाने पाणी तिकडे ढकललं. ते तिथून वळलं.

हवेला नीलगिरीच्या तेलाचा वास होता.

मग माझ्या कानाशी, हाताच्या अंतरावर, वाटी वाजली.

मी वर कसा आलो ते आठवत नाही. धाकूचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानेही ऐकलं होतं. आरसा खाली ठेवून, पंप गुंडाळून तो निघाला. फाटकाशी थांबून एवढंच म्हणाला, "तुम्हाला ठाऊक आहे साहेब, खाली काय आहे ते. मला सांगू नका."

हिवाळा, उन्हाळा गेला. मी टाकीकडे जायचं टाळत होतो, पण पाऊस टाळता येत नाही. पंच्याऐंशीच्या मे महिन्यात कमिटीची सभा भरली. अर्धी टाकी आधीच भरलेली, म्हणजे यंदा पाणी थोपवायची जागा अर्धीच. जादा पाणी लवकर येणार, जास्त येणार. राजाराम म्हणाले, "एवढं डोकं कशाला लावायचं? मागचं भोक बंद झालंय ना? ते उघड. उद्याच गवंडी बोलाव."

माना हलल्या. पुढचा विषय निघाला. मी उठून बाहेर आलो.

त्या दिवसांत जानकीकडे तिची धाकटी बहीण सुगंधा बाळंतपणाला आली होती. बाळ बारा दिवसांचं होतं. आमच्या व्हरांड्यातून त्याचं रडणं ऐकू यायचं. मी रविवारी दुपारी पहिल्यांदा भिंतीला वळसा घालून चाळीत गेलो.

जानकी उंबऱ्यात सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. वाळली होती. केस रुक्ष, धूळ बसल्यासारखे, कशीतरी गाठ मारलेली. आत सुगंधा बाळाला घेऊन निजली होती. खोलीला नवा पांढरा रंग दिला होता.

"बसा भाऊ," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो. "जानकी, त्या भोकाबद्दल सांगायला आलोय."

"तुमी बुजवल्यात ना? बगलंय मी. बरां केल्यात." तिने हातातला सोडा सुपात टाकला. "एक सांगू? कोणाक सांगूक नाय अजून, घोवाक पन नाय. डास येयत म्हणान मी त्या भोकाक बोळो घातलेलंय. त्या दिवशी सकाळी म्हातारेचो जीव घाबरो होऊक लागलो. माका तुमचा बोलणा आठावला. हवेसाठी आसा म्हणान सांगल्यात ना तुमी? म्हणान बोळो काढलंय आणि कामावर गेलंय." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मीच काढलंय, भाऊ."

मी घरून जुळवून आणलेली वाक्यं होती. त्यातलं एकही उरलं नाही.

"ते हवेसाठी नव्हतं," मी म्हणालो. "टाकी भरली की जादा पाणी तिथून बाहेर काढायचं होतं. तुमच्याकडे. मला तेव्हाच माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

तिने सुपातला आणखी एक सोडा उचलला.

"बोळा असता तरी काही फरक पडला नसता. नऊ इंची पाइप होता. पहिल्याच लोंढ्याने बोळा उडाला असता. त्यात तुझं काही नाही, जानकी. सगळं माझं आहे."

हे खरं होतं. ओव्हरसियर म्हणून मी ते छातीठोक सांगू शकत होतो. पण ती ऐकत होती की नाही कळलं नाही.

"त्या दिवशी तिनां वाटी वाजयलान?" तिने विचारलं.

"हो."

"तुमी ऐकल्यात?"

"हो."

"किती येळ?"

"पंचवीस मिनिटं."

सुगंधाचं बाळ कुरकुरलं आणि शांत झालं. जानकीने सूप बाजूला ठेवलं. पदराला हात पुसले.

"माका अजून ऐकूक येता," ती म्हणाली. "दर दिसा. खयसून येता ता कळणा नाय. मी हय सगळीकडे बघलंय, बोळीत बघलंय, नाल्यावर जाऊन बघलंय. इलंय इलंय म्हणतंय, पण जावचा खय?"

मी भिंतीकडे बोट केलं. "आमच्याकडे. टाकीत."

ती उठली. "चला."

पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. भोक उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कमिटीसमोर सगळं बोललो आणि सभेच्या वहीत लिहून सही केली. राजाराम म्हणाले, तू वेडा झालायस, आम्हा सगळ्यांना अडकवशील. मी पोलीस चौकीतही गेलो. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं की पंचनाम्यावर सही तुमचीच ना, मग आता काय बदललं? परवानगीची वाट न बघता पुढच्या लाद्या मी स्वतः उभं राहून फोडून घेतल्या आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जादा पाण्याची वाट नकाशात होती तिथून नेली. सोसायटीतल्या बऱ्याच जणांनी माझ्याशी बोलणं टाकलं. अनुपमा मात्र पुन्हा बोलायला लागली. जानकी दसऱ्याला गावी गेली, कायमची. टाकीत पाणी अजून तेवढंच आहे. पाऊस येतो, त्याच्यावर चढतो, उतरतो, आणि खाली ते तसंच राहतं. वरची जागा आम्हाला कशीबशी पुरते.

त्या रविवारी दुपारी चारचं ऊन होतं. पहार घालून मी झाकण सरकवलं. पाणी काळं, स्थिर. मी बांबू सोडून तिला खुणा दाखवल्या, ती छातीपर्यंत बुडेल म्हणून सांगितलं, दोरी बांधूया म्हणालो. तिने निऱ्या खोचल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"जानकी, मी येतो खाली."

"तुमका कोणी बोलावलानी?"

ती उतरत गेली. डोकं झाकणाखाली गेलं. मी पाण्याच्या आवाजाची वाट बघत होतो. पाण्यात माणूस उतरलं की आवाज होतोच.

झाला नाही.

मी वाकून बघितलं. पाणी जिथल्या तिथे, त्यावर आकाशाचा चौकोन आणि त्यात माझं डोकं. तरंग नाही.

"जानकी!"

वाटी एकदा वाजली. फक्त टण. मग खाली ठेवल्यासारखा एक बारीक आवाज.

मी दोनदा पायरीवर पाय ठेवला आणि दोनदा मागे घेतला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. अंगणात कुणाचा तरी परकर तारेवर हलत होता. माझ्या घड्याळात पंधरा मिनिटं गेली, वीस गेली.

मग तिचा हात वर आला.

ती वर आली, कडेला बसली. लुगडं कोरडं होतं. पाय कोरडे, तळव्यांना निळसर धूळ. मी बांबू घेऊन पाण्यात खुपसला, वर काढला, बोटांनी चाचपला. ओल लाल खुणेपर्यंत होती, तीन फूट पाच इंचांवर.

"बोलली काही?" मी विचारलं.

तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. तिचा चेहरा सैल झाला होता, पुष्कळ रडून झाल्यावर होतो तसा, पण डोळे कोरडे होते.

"माझ्याबद्दल?"

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"नाय," ती म्हणाली. "तुमचा नाव घेऊक नाय तिनां."

ती उठून फाटकाकडे चालायला लागली आणि उन्हात तिची पाठ माझ्याकडे झाली. तेव्हा मला दिसलं. तिचे केस विंचरलेले होते. मधोमध सरळ भांग, चापूनचोपून घातलेली वेणी, शेपट्यापर्यंत घट्ट. तेल इतकं की मानेवरून एक ओघळ पोलक्यात उतरत होता. चालताचालता तिने तो बोटावर घेतला, जरा थांबली, आणि वळून, जशी एखादी साधी गोष्ट सांगावी तशी, मला म्हणाली, "कोमट आसा अजून."